बंद पेवाचा भाव

“भरलेलं पेव उघडायचं नाही. बरं. पण का नाही?”

शिवलीलानं अप्पांना विचारलं.

कृष्णाकाठच्या त्या मठात हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्या भागातला हळदीचा व्यापार पिढ्यान् पिढ्या पेवांवर चालत आलेला. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल खड्डा, तोंडाशी अरुंद आणि पोटात मडक्यासारखा रुंद. आत हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवायची, मातीनं लिंपून टाकायचं. मग हळद वर्षानुवर्षं आत निजून राहणार आणि वर तिचे सौदे होत राहणार. मालक बदलत, फरशी हलत नसे. सौदा व्हायचा तो भरणाऱ्याच्या शब्दावर. पेव उघडून दाखव म्हणणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं.

शिवलीला मगदूम मठाच्या मुलींच्या वसतिगृहात वाढली होती, त्यामुळं हे तिच्या कानांवर लहानपणापासून आदळत आलेलं. भरलेलं पेव उघडायचं नाही. दिलेला शब्द तपासायचा नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

आता ती कोल्हापुरात एम.कॉम. करून परतली होती. मठानं तिला विश्वस्त केलं होतं. तिच्या मते, छापील पत्रिकेत एखादं बाईमाणूस दिसावं एवढ्यासाठीच. पण केलं होतं खरं. आणि वसतिगृहाच्या निधीतला पैसा हलवायचा तर सगळ्या विश्वस्तांची सही लागे.

ती सही मागायला दुपारी दुसरे दोघं विश्वस्त येणार होते, शेटेअण्णा आणि बसगोंडातात्या.

“अप्पा, मी रोख्यांचं विचारायला आले होते. तुम्ही पेवावर नेलंत.”

“पेव आणि रोखा यात फार अंतर आहे का?”

पिंपळाखालच्या दगडावर बसून अप्पा शेंगा सोलत होते. मठाचे ते प्रमुख. गावात कुणाचं लग्न ठरवायचं असो, वाटणी करायची असो, अप्पांना विचारल्याशिवाय पान हलत नसे.

निधी आजवर सरकारी रोख्यांत होता. रोखा म्हणजे तरी काय? पैसा घेणाऱ्यानं दिलेला शब्दच. ठरल्या वेळी इतकं व्याज देईन, मुदत भरली की मुद्दल परत करीन. सरकारचा शब्द होता सात टक्क्यांचा. विश्वस्तांना आता ते रोखे विकून एका इथेनॉल कंपनीचे रोखे घ्यायचे होते. तिचा शब्द तेरा टक्क्यांचा. आणि ते विकणारा एजंट होता विश्वस्त मल्लाप्पा शेटे यांचा जावई.

“सरकार सात देतंय, तर हे तेरा का देतात? उगाच कोण जास्त देतं, अप्पा?”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं, शेटेअण्णांना जावयाचं कमिशन दिसतंय. आणि बसगोंडातात्यांना शेटेअण्णा दाखवतील तेच दिसतं. दुपारी तोंडावर सांगणार आहे.”

“सांग.”

त्या ‘सांग’नं तिचा संशय उलट वाढला. अप्पा नक्की कुणाकडून होते? कंपनीचा मालक गेल्या महिन्यात मठात येऊन गेला होता. अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं, गादीवर हात ठेवून शब्द दिला, सगळ्या मठाला बासुंदीचं जेवण घातलं. अप्पांनी वाटीभर खाल्ली होती. तिनंही दोन वाट्या खाल्ल्या होत्या, आणि आता त्याचीच तिला चीड येत होती.

“तुझे सरकारी रोखे मात्र पक्के?” अप्पांनी विचारलं.

“दगडावरची रेघ.”

“मग त्यांचा भाव उतरलाय असं कागदावर का दिसतंय? बसगोंडा तेवढंच धरून बसलाय.”

हे तिला पाठ होतं. ती भराभर सांगत सुटली. बाजारात व्याज चढलं, नवे रोखे जास्त देऊ लागले. मग जुना, कमी व्याजाचा रोखा पुऱ्या किमतीला कोण घेईल? कमीलाच मागणार. व्याज चढलं की जुन्या रोख्याचा भाव उतरतो, व्याज उतरलं की चढतो. आणि मुदत जितकी लांब, तितके हे हेलकावे मोठे. पण तो भाव विकायला निघालेल्याला. मुदत भरेपर्यंत जो धरून बसेल त्याला मुद्दल पुरतं मिळणार.

“हळदीचा बाजार पडला म्हणून पेवातली हळद थोडीच घटते?”

“छान सांगितलंस.” अप्पांनी एक शेंग फोडली. “आणि मुदतीआधीच पोरींसाठी पैसे लागले तर?”

“तर... विकावे लागतील.”

“कुठल्या भावानं?”

“उतरलेल्या,” ती म्हणाली.

“बरं, धरून बसलो मुदतीपर्यंत. तोवर डाळ दुप्पट झाली तर?”

शिवलीलानं ओठ चावला.

“दगडावरची रेघ म्हणालीस,” अप्पा शेंगांची टरफलं झटकत उठले. “दगड कुठं ठेवलाय, तेही बघत जावं.”

मठाच्या मागच्या अंगणात मठाचं स्वतःचं एक पेव होतं. थोरल्या शेट्यांनी, म्हणजे शेटेअण्णांच्या वडिलांनी, मरणाआधी त्यात हळद भरून ती मठाला वाहिली होती. अडीनडीला पोरींच्या उपयोगी पडेल म्हणाले होते. तेव्हापासून ते लिंपलेलं होतं तसंच होतं. मठाची मालमत्ता सांगताना विश्वस्त ते पेव न चुकता सांगत.

अप्पा फरशीपाशी थांबले.

“उघड.”

ती बघतच राहिली. “तुम्हीच म्हणता ना, उघडायचं नाही?”

“मी कधी म्हणालो?”

तिनं आठवून पाहिलं. शेटेअण्णा म्हणत. तात्या म्हणत. वसतिगृहाच्या बाई तर उठता बसता म्हणत. अप्पा...

गोठ्यावरच्या दोघा गड्यांनी पहारी घालून फरशी सरकवली. आतून कोंदट, उबट वास आला. शिवलीलानं ओढणी कमरेला खोचली आणि कडेच्या खाचेत पाय ठेवला. आता एकदाचं खरंखोटं कळणार होतं. आत हळद आहे की माती, ते दुपारी दोघांच्या समोर मूठभर ओतूनच दाखवलं असतं.

अप्पांनी मागून तिची वेणी धरली.

“अप्पा, सोडा.”

त्यांनी तिला वर ओढलं, मगच सोडलं. गड्याकडून पेटता कंदील मागवला, दोराला बांधला आणि हळूहळू आत सोडला.

कंदील पुरुषभर खाली गेला असेल. ज्योत आखडली. लवलवली. विझली.

शिवलीला काठावरून दोन पावलं मागं सरली.

“बंद पेवात कोंडलेली हवा माणूस मारते,” अप्पा म्हणाले. “आधी कंदील सोडायचा असतो, हे शेट्यांच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. कोल्हापुरात शिकवत नाहीत वाटतं.”

तिला राग आला. राग आला, कारण ते खरं होतं.

दुपारी दोघं विश्वस्त आले. बसगोंडातात्या पाटील, निवृत्त हेडमास्तर, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारे. आणि हळदीचे व्यापारी शेटेअण्णा, काखेत कागदांची पिशवी. उघडं पेव पाहून शेटेअण्णा जागच्या जागी थांबले.

“कुणी केलं हे?”

“मी,” शिवलीला म्हणाली.

“मी सांगितलं,” अप्पा म्हणाले.

शेटेअण्णांचा चेहरा उतरला. वडिलांनी भरलेलं पेव होतं ते, वडिलांचा शब्द होता, आणि मठानंच तो उघडून बघावा म्हणजे काय, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता. शिवलीलाला ते अपेक्षित नव्हतं.

अप्पांनी त्यांना शेजारी बसवलं.

“आत अजून कुणी उतरलेलं नाही, मल्लाप्पा. कंदील विझला. आता मला एक सांग. तू व्यापारी माणूस. समज, हे पेव न उघडता असंच विकायला काढलं, तर तू काय भावानं घेशील?”

शेटेअण्णांनी डोळे बारीक केले. जन्माची सवय.

“निम्म्यानं.”

“निम्म्यानं? भरणारा तर तुझा बाप.”

“वडिलांचा शब्द सोन्याचा, अप्पा. पण भरलं आणि पुढच्याच वर्षी महापूर आला. पाणी त्या पायरीपर्यंत होतं. आत झिरपलं का नाही, कुणाला ठावं? नदीकाठचं पेव म्हटल्यावर कुणीबी भाव पाडूनच मागणार. धंदा असाच असतोय.”

बोलून झालं आणि शेटेअण्णांचा हात टोपीकडे गेला.

तात्या खुदकन हसले. “म्हणजे बापाच्या शब्दाचापण भाव करतोस की रे.”

अप्पा हसले नाहीत. ते पेवाच्या तोंडाकडे बघत राहिले.

मग कागद निघाले. बोलणं तात्यांनी सुरू केलं, आणि ते काही खोटं बोलत नव्हते. मुलींची संख्या वाढली होती. सात टक्क्यांत भागत नव्हतं. रात्रीच्या जेवणातली भाजी केव्हाच बंद झाली होती, आता दूधही आणखी पातळ झालं होतं. तेरा टक्के आले तर भाजी परत येईल, दूध घट्ट होईल. त्या पातळ दुधावर शिवलीलाही वाढली होती. तिला ऐकून घ्यावं लागलं.

शेटेअण्णांनी सहीची जागा दाखवली, पेन पुढं केलं.

जावयाचं कमिशन तिच्या जिभेच्या टोकावर होतं. सकाळपासून ते वाक्य तिनं घासून पुसून ठेवलं होतं. तेवढ्यात तिची नजर दोराला लटकलेल्या, विझलेल्या कंदिलाकडे गेली.

तिनं ते वाक्य गिळलं. त्याऐवजी ती एकेक विचारत गेली. या कंपनीवर आधीचं कर्ज किती? उद्या ती बुडाली तर पैसे मागायला आपल्या पुढं कोण कोण उभं असेल? मध्येच पैसे लागले तर हे रोखे विकत कोण घेईल? आणि बँका कमी व्याजानं द्यायला बसलेल्या असताना ती आपल्या दारात का आली?

शेटेअण्णा म्हणाले, बँका वेळ लावतात. असं मालक म्हणाला. असं जावई म्हणाला. बाकीचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“मग कागद मागवा,” ती म्हणाली.

“कागद? माणसानं गादीवर हात ठेवून शब्द दिलाय, पोरी. त्याला चोर म्हणायचं?”

“चोर म्हणत नाही. सकाळी म्हणणार होते.”

“मग?”

“अण्णा, सख्ख्या वडिलांचं पेव तुम्ही निम्म्यानं मागितलंत, कारण आतलं दिसत नाही. या कंपनीचा शब्दही बाजार पाडूनच मागतोय. म्हणून तर तिला तेरा द्यावे लागतात. कुठलं पाणी आत शिरलंय, मला दिसत नाही. तुम्हालाही दिसत नाही.”

“आणि पोरींनी काय खायचं?” तात्यांनी विचारलं.

“त्याचं बोलू. थोडे जवळच्या मुदतीचे रोखे घेऊ, म्हणजे लागतील तेव्हा पैसे हाताशी असतील. थोडे लांबचे घेऊ. कंपनीचे घ्यायचे तर बघून, दोनचार ठिकाणी, थोडे थोडे. त्यानं भाजी लगेच परत येणार नाही, तात्या. मी तसं म्हणतही नाही. पण सगळा निधी एका पेवात, तेही नदीकाठच्या...”

तिनं वाक्य पुरं केलं नाही.

शेटेअण्णा अप्पांकडे वळले. “अप्पा, तुम्ही सांगा तिला. या मठात दिलेला शब्द आजवर कुणी तपासला नाही. ही कालची पोर...”

शिवलीला अप्पांकडे बघत होती.

अजूनही तिला त्यांचा भरवसा वाटत नव्हता. आता ते ‘कर सही’ म्हणतील, गोड आवाजात म्हणतील, आणि मग आपल्याला त्यांनाही नाही म्हणावं लागेल.

तिनं वाट पाहिली नाही. पेनाला टोपण लावलं आणि ते शेटेअण्णांच्या कागदावर ठेवलं.

“आतलं दिसेपर्यंत मी सही करणार नाही.”

तात्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा कपाळावर सारला. शेटेअण्णा कागदाकडे बघत राहिले.

शेवटी शेटेअण्णा उठले. काखेत पिशवी धरून त्यांनी गड्यांना खूण केली, फरशी परत तोंडावर सरकवा. गड्यांनी पहारी उचलल्या.

“राहू दे,” अप्पा म्हणाले. “वारा जाऊ दे आत.”