खांद्यावरची बैठक

"मग घरात कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही, वस्ताद."

"शालनला? बायकोला तरी?"

"नाही."

"सर्जाला?"

जोतिरामनं नुसती नकारार्थी मान हलवली.

हिंदुराव वस्तादांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माणसाचे गुडघे गेले होते, पण नजर अजून समोरच्याला चितपट करील अशी.

जोतिराम म्हणजे एके काळचा आमच्या तालमीचा पहिल्या नंबरचा पैलवान. चाळिशी कधीच ओलांडली, तरी मान ताठ. त्याची पाठ मातीला लागलेली बघितलेला माणूस गावात शोधून सापडायचा नाही, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा. मी तिथंच भिंतीला टेकून अंगाला तेल लावत होतो. मला त्यानं दारातच दम भरला होता, बाहेर बोललास तर बघ म्हणून.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आतड्याचा कॅन्सर. तिसरी स्टेज. आधी औषधं, मग ऑपरेशन. वर्ष खडतर जाईल, पण बरा होशील म्हणाले."

"मग हो बरा."

"होणारच. त्याची भीती नाही मला."

"मग कशाची आहे?"

"कशाचीच नाही. उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला चाललोय. मैदानाला पंच म्हणून बोलावलंय असं घरात सांगितलंय. पुढच्या खेपेला दुसरं काहीतरी सांगेन. जाण्याआधी तुमच्या पाया पडावं म्हणून आलो."

"एकटा?"

"एकटाच. आजवर सगळं घर मी खांद्यावर घेतलं, वस्ताद. आता आजारी पडलो म्हणून त्यांच्या गळ्यात पडू? शालन रडून रडून अर्धी होईल. सर्जा हातपाय गाळून बसेल. नको. ही कुस्ती माझी हाय, मीच मारणार."

वस्तादांनी पलीकडं नजर टाकली.

खरं सांगतो, मला जोतिरामचा राग आला होता. ज्या बाईनं त्याच्या दुधा-बदामापायी स्वतःच्या तोंडातला घास काढला, तिला साधं सांगायचंही नाही? ही कसली मर्दुमकी? पण मी तेल चोळत राहिलो. मला वाटलं, म्हातारा आता पाठीवर थाप मारणार आणि शाबास म्हणणार.

म्हाताऱ्यानं हाक मारली.

"सर्जा, फावडं ठेव आणि हिकडं ये."

सर्जेराव जोतिरामचा धाकटा भाऊ. पलीकडं कुस्तीच्या हौद्यात माती उकरत होता. फावड्याच्या आवाजात त्याला यातलं अवाक्षरही ऐकू गेलं नव्हतं. घाम पुसत आला.

"दादाला खांद्यावर घे अन् बैठका मार."

जोडीदाराला मानेवर बसवून बैठका मारायच्या, ही आमच्याकडची रोजची मेहनत. जोतिराम त्यात सगळ्यांना घ्यायचा, दोन-दोन गडी घ्यायचा. त्याला मात्र कुणी कधी घेतलं नव्हतं. तो घेऊच द्यायचा नाही.

"वस्ताद, हे काय आता मधेच..."

"तालीम कुणाची हाय, जोती?"

यापुढं कुणी बोलत नसतं.

सर्जेराव वाकला. जोतिराम त्याच्या मानेवर बसला. बसला खरा, पण तुळईला बांधलेला चढायचा दोर लोंबत होता, तो त्यानं एका हातानं घट्ट धरून ठेवला.

सर्जेराव उठला आणि भेलकांडला. पाय सावरून पुन्हा उठायला गेला. पुन्हा भेलकांडला.

"जोर कमी पडतोय ह्याचा," वरून जोतिराम म्हणाला.

"त्याचा जोर बरोबर हाय. तू अर्धा दोराला, अर्धा त्याच्या मानेवर. त्यानं तोल सांभाळायचा कसा? दोर सोड."

"सगळं वजन त्याच्यावर जाईल, वस्ताद."

"जाऊ दे."

...

जोतिरामनं दोर सोडला.

सर्जेरावनं पाय रोवले. भावाचे घोटे धरले. खाली गेला, वर आला. पुन्हा खाली, पुन्हा वर. तसूभर हलला नाही. मग एकदा खाली गेला आणि तिथंच थांबला.

"दादा."

"काय?"

"तू एवढा हलका कसा झालास?"

"तुला काय कळतंय त्यातलं? कधी उचललंयस मला?"

"जन्मभर तुझ्याखाली दबलोय मी. तुझं वजन मला कळायचं न्हाई? काय झालंय, सांग."

जोतिरामनं वस्तादांकडं बघितलं. वस्ताद कोनाड्यातल्या मारुतीकडं बघत होते, जसा काही त्यांचा याच्याशी संबंधच नाही. म्हातारा भलता बेरकी.

"कॅन्सर झालाय, सर्जा. उद्या पुण्याला..."



सर्जेरावच्या मांड्या लटपटल्या. मला वाटलं, आता दोघंही तोंडावर पडणार. मी तेलाची वाटी टाकून पुढं झालो, तर वस्तादांनी हातानंच मला मागं सारलं.

सर्जेराव उठला. हळूहळू, पण सरळ उठला. भाऊ मानेवर तसाच.

"वहिनीला ठाऊक हाय?"

"न्हाई."

"आज सांगायचं. तू सांग, मी शेजारी बसतो. उद्या तिघं जाऊ."

"सर्जा, ऊस तोडायला आलाय. तू कुठं..."

"उसाला लागू दे आग."

एवढं बोलून त्यानं परत बैठक मारली. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायला दोघांचेही हात मोकळे नव्हते. एकानं घोटे धरलेले, दुसऱ्यानं भावाचं डोकं. आमच्या या वाघाला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. माझा राग कुठल्या कुठं गेला.

सर्जेरावला धाप लागली. तरी तो थांबेना.

"वस्ताद," जोतिराम वरून काकुळतीनं म्हणाला, "पोरगं दमलंय. उतरू द्या मला."

वस्तादांनी सर्जेरावच्या पायांकडं निरखून पाहिलं...

"तू बस. मेहनत त्याची चाललीय."