फ्री थ्रोच्या रेषेवर

व्यावसायिक बास्केटबॉलच्या लीगमध्ये मुली केतकी रणनवरेच्या खेळापेक्षा तिच्या जिभेला जास्त भ्यायच्या. समोरच्या खेळाडूच्या दुखऱ्या जागेवर ती नेमकं बोट ठेवायची आणि त्या बिचारीचा नेम चुकायचा.

अंतिम सामन्यात अर्पिता मोहोड फ्री थ्रो घ्यायला उभी राहिली. तिची आई जाऊन महिनाही झाला नव्हता. बाजूला उभी असलेली केतकी हलक्या आवाजात म्हणाली, "गॅलरीतली ती खुर्ची रिकामी आहे बघ. आता कोणासाठी खेळतेस?"

अर्पिताने चेंडू हातातच धरला.

"आई शाळेत शिकवायची," ती शांतपणे म्हणाली. "एखादी मुलगी सगळ्यांना टोचून बोलायला लागली, की आई तिला रागवायची नाही. तिच्या घरी जाऊन यायची. तुझ्या घरी कोण असतं गं?"

अर्पिताचा चेंडू जाळीतून खाली आला. पुढे सामनाभर केतकी गप्प होती. तिचा संघ जिंकला, तरी ती नाचली नाही.

शेवटी हात मिळवताना तिने अर्पिताचा हात सोडला नाही.

"कोणी नसतं," ती म्हणाली.