येसूचे तीन द्रोण

डोंगराच्या कुशीत, जिथे पायवाट संपते आणि पळसाचं रान सुरू होतं, तिथे एक इवलीशी वाडी होती. त्या वाडीत सहा वर्षांची येसू आपल्या आईबरोबर राहायची. आई पळसाच्या पानांचे द्रोण आणि पत्रावळी लावायची. काड्या टोचून टोचून तिची बोटं खरखरीत झाली होती. तरी कितीतरी दिवस चुलीवर नुसती पातळ पेज शिजायची. येसूला झगा एकच. तो कधीकाळी गुलाबी होता, असं आई सांगायची. आता त्याला कुठलाच रंग उरला नव्हता.

सकाळी येसू वाडीच्या बालवाडीत जायची. बालवाडी म्हणजे एकच खोली, पांढऱ्या भिंतींची. नलूताई तिथे पंधरा चिमुकल्यांना शिकवायच्या. मागच्या पावसाळ्यात छप्पर गळलं आणि रंगीत खडूंची पेटी भिजून तिचा नुसता चिखल झाला. नवी पेटी काही आली नव्हती. नलूताई म्हणायच्या, "लाल कसा? टोमॅटोसारखा. पिवळा कसा? हळदीसारखा." मुलं मान डोलवायची आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायची.

एके दिवशी तिथे एक नवी मुलगी आली. तिचं नाव मैनी. तीन वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची. तिचे आईबाप दूरच्या गावाहून दगडाच्या खाणीवर कामाला आले होते. मैनी कुणाशी बोलेना, कुणाशी खेळेना. दाराशी बसायची आणि धुळीत बोटानं काहीतरी काढायची.

येसू तिच्याजवळ जाऊन बसली. "हे काय काढलंस गं?"

मैनीनं धुळीत आणखी एक रेघ ओढली. मग हळूच म्हणाली, "पोपट."

"तुझा आहे?"

"आमच्या गावाला झाडावर होता. हिरवा हिरवा." एवढं बोलून तिनं हातानं तो धुळीतला पोपट पुसून टाकला. "हा नाही हिरवा."

संध्याकाळी मैनीची आई सगुणा तिला न्यायला आली. ती नलूताईंना म्हणाली, "ताई, पोर दिवसभर रडवेली असते. उद्याचा एक दिवस बघते. नाही रमली तर खाणीवरच घेऊन जाते."

"अगं, तिथे ऊन, तिथे उडणारी खडी. एवढंसं लेकरू कुठे बसेल?"

"काय करू ताई? इथे तरी कुठे हसतंय ते?"

येसूनं ते ऐकलं. तिनं मनाशी पक्कं ठरवलं: मैनीला खाणीवर जाऊ द्यायचं नाही. उद्यापर्यंत तिच्यासाठी हिरवा रंग मिळवायचाच.

तशीच ती आईसाठी पानं आणायला रानात गेली. जाताना प्रत्येक पानाकडे, प्रत्येक गवताच्या काडीकडे बघत होती. पानं चुरडून तिनं दगडावर घासली, पण डाग उठायचा तो मळका. ओढ्याकाठी एक धावड्याचं झाड होतं. त्याच्या खोडावर सोनेरी डिंकाचे थेंब चमचमत होते आणि त्यातल्या एका थेंबात काहीतरी फडफडत होतं.

येसूनं वाकून बघितलं. बोटभर उंचीची एक परी होती! दवासारखा लखलखता चेहरा, केसांत गवतफुलं, आणि पंखांवर तीन पट्टे: एक लालचुटुक, एक पिवळाधमक, एक निळाशार. पंखाचं टोक डिंकात घट्ट रुतलं होतं.

"ओढू नकोस," परी कळवळून म्हणाली. "पंख फाटेल."

"नाही ओढणार. तुम्ही हलू नका," येसू म्हणाली.

तिनं ओंजळीत ओढ्याचं पाणी आणलं आणि थेंब थेंब डिंकावर सोडलं. पुन्हा ओढ्यावर, पुन्हा झाडाशी. कितीदा गेली, कितीदा आली! अनवाणी पायांना खडे टोचत होते, पानांचा भारा अर्धाच राहिला होता. पण तिनं हात थांबवला नाही. शेवटी डिंक विरघळला आणि परी भुर्रकन तिच्या तळहातावर येऊन बसली.

"माझं नाव रंगुली. माझ्यासाठी तू स्वतःचं काम सोडलंस. माग, तीन गोष्टी माग."

येसू क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "हिरवा रंग द्या."

रंगुलीचा चेहरा पडला. "हिरवा माझ्याकडे नाही गं. माझ्या पंखांवर आहेत तेवढेच तीन रंग माझे. त्यातला मागितलास तर देईन. नाहीतर नवा झगा माग, पायांत चपला माग."

"मग हिरवा कुठे मिळेल?"

"ते मला ठाऊक आहे, पण सांगायची मुभा नाही. ते ज्याचं त्यानं शोधायचं असतं."

येसू विचारात पडली. पोपटाची चोच लाल असते. म्हणून तिनं लाल मागितला. पोपट खातो ती पिकली फळं पिवळी असतात. म्हणून पिवळा मागितला. आता एकच मागणी उरली. तिनं आपल्या विटक्या झग्याकडे बघितलं. मऊ मऊ गुलाबी झगा तिच्या डोळ्यांसमोर आला. मग तिला दाराशी बसलेली मैनी आठवली.

"पोपटाला उडायला आभाळ तर हवंच ना," ती म्हणाली. "निळा द्या."

तिच्या भाऱ्यातल्या तीन पानांचे आपोआप तीन द्रोण झाले आणि ते रंगांनी काठोकाठ भरले.

"दोन नियम आहेत, नीट ऐक," रंगुली म्हणाली. "पहिला, रंगात आधी दुसऱ्यांची बोटं बुडायला हवीत, तुझी सगळ्यांत शेवटी. दुसरा, रंगाशी खेळणाऱ्या कुणालाही 'चुकलं' असं म्हणायचं नाही. म्हणालीस, तर तिन्ही द्रोण तिथल्या तिथे सुकतील."

"लक्षात ठेवीन," येसू म्हणाली, आणि द्रोण सांभाळत, एकेक पाऊल जपून टाकत घरी आली.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत तिनं ते द्रोण मांडले. नलूताई बघतच राहिल्या. त्यांनी कुठून आणले, कसे आणले, असं काही विचारलं नाही. साडीचा पदर खोचला आणि म्हणाल्या, "आज फळा नाही, पाटी नाही. चला, बाह्या वर करा. ही अख्खी भिंत तुमची."

मग काय! इवली इवली बोटं द्रोणात बुडाली. भिंतीवर लाल ठिपके उमटले, पिवळे सूर्य उगवले, निळ्या रेघा धावल्या. कुणी कोपरानं रंगवलं, कुणी टाचेनं. येसूची बोटं शिवशिवत होती, पण तिनं हात पाठीशी घट्ट धरले होते.

मैनी मात्र दाराशीच होती. येसूनं तिला लाल दाखवला. तिनं मान हलवली. पिवळा दाखवला. तिनं तोंड फिरवलं. ऊन अंगणात उतरायला लागलं होतं आणि सगुणा यायची वेळ जवळ येत होती.

तेवढ्यात गोट्या नावाचा गुबगुबीत मुलगा धावत आला. त्याचा हात मनगटापर्यंत निळा होता. त्यानं तो तसाच पिवळ्या द्रोणात घातला आणि गदागदा ढवळला.

पिवळाधमक रंग गढूळ झाला. येसूच्या ओठांवर शब्द आलाच होता, "चुक..."

तिनं दातांखाली ओठ दाबला. डोळ्यांत पाणी आलं. मोठा श्वास घेऊन ती गोट्याला म्हणाली, "ढवळ. आणखी ढवळ बघू. काय होतंय ते बघू या."

गोट्यानं ढवळलं. गढूळपणा फिरत फिरत उजळला. कोवळ्या भातासारखा झाला, मग चिंचेच्या पाल्यासारखा, मग अगदी लख्ख हिरवा! गोट्यानं हात वर काढला आणि सगळी मुलं तो बघायला धावली.

दाराशी काहीतरी सळसळलं. मैनी उठली होती. ती तुरुतुरु चालत आली आणि तिनं आपला पिटुकला हात द्रोणात बुडवला. मग भिंतीवरच्या निळ्या आभाळात तो थापला. बोटं झाली पंख. गोट्यानं बोटाच्या टोकानं लाल चोच काढून दिली.

"पोपट," मैनी म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "माझा पोपट!" आणि ती खुदकन हसली.

त्यानंतर कुणाला आवरणार? लाल आणि पिवळा मिळून नारिंगी झाला, लाल आणि निळा मिळून जांभळा. नलूताईंनी कुणालाच आधी काही सांगितलं नाही. त्या फक्त विचारत राहिल्या, "आता काय होईल, करून बघू या का?"

सगुणा आली तेव्हा मैनी कोपरापर्यंत हिरवी झाली होती. "आई, घरी नाही यायचं," ती म्हणाली. "अजून एक पोपट राहिलाय."

सगुणा उंबऱ्यातच बसली. तिनं डोळे पुसले. "काढ बाई तुझा पोपट. मी थांबते. आणि उद्या सकाळी मीच तुला इथे आणून सोडते."

सगळी मुलं घरी गेल्यावर येसूनं शेवटी आपलं बोट द्रोणाच्या तळाशी उरलेल्या रंगाला लावलं. त्या क्षणी खिडकीच्या चौकटीवर रंगुली दिसली. तिचे पंख आता काचेसारखे नितळ होते.

"तुमचे रंग?" येसूनं काळजीनं विचारलं. "सगळे आम्हीच संपवले का?"

"परी दिलेले रंग परत घेत नसते. पहाटेच्या आभाळातून मी नवे भरून घेईन. पण तुला काहीच राहिलं नाही, हे मला चालणार नाही. ते द्रोण तुझ्या घरच्या अंगणात पुरून ठेव."

येसूनं घरी जाऊन अंगणातली माती उकरून तिन्ही द्रोण पुरले. रंगुली त्यावरून एकदा गोल फिरली. तिच्या अंगातून उजेड पाझरायला लागला, आधी ज्योतीएवढा, मग अंगणभर. त्या उजेडात सात रंग उसळले, येसूचे डोळे दिपले, आणि तिनं ते उघडले तेव्हा परी उजेडातच विरघळून गेली होती.

सकाळी अंगणात तीन रोपं उभी होती. एकावर लाल शेंदरीची बोंडं, एकाच्या मुळाशी पिवळीजर्द हळद, एकाच्या पानांत निळाई. कितीही रंग काढला तरी ती रोपं कधी रिकामी झाली नाहीत. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बालवाड्या तिथून रंग नेऊ लागल्या आणि बदल्यात येसूच्या घरी तांदूळ, डाळ, गूळ पोचवू लागल्या. येसूच्या चुलीवर रोज भात रटरटू लागला. आईच्या बोटांना विसावा मिळाला.

आणि येसू? ती पहिलीत गेली. पण दर शनिवारी शाळा सुटली की ती धावत बालवाडीत यायची, बाह्या वर करायची आणि मुलांच्या मधोमध फतकल मारून बसायची.