वीस बियांचा विश्वास

त्या राज्यातलं पाणी काही सकाळी कडू होई. दिसायला ते नेहमीसारखंच नितळ असे. दुपारी काठचं शेवाळ पिवळं पडलं की मग कळे, आणि तोवर ते प्यालेल्या पिल्लांनी माना टाकलेल्या असत. मोठ्यांना ते बाधत नसे. म्हणून तळ्याच्या पक्ष्यांनी ठरवलं, की हे ज्याला आधी कळतं तो पक्षी शोधायचा आणि त्याला वर, धबधब्याच्या माथ्यावरच्या खडकावर बसवायचा. तो उडाला की पिल्लांनी पाण्याला चोच लावायची नाही. त्या खडकावर खायला काही मिळत नसे, बसणाऱ्याला बाकीच्यांनी भरवावं लागणार होतं. त्यामुळे जागा एकच होती.

तळ्याकाठच्या जागा आईकडून पिल्लाकडे जात. ज्यांची घरं शेजारी, ती पिढ्यानपिढ्या शेजारीच राहत. खंड्याचं बीळ उंच दरडीत होतं. त्याच्या बरोबर खाली, लव्हाळ्यात, पाणकोंबडी तीन पिल्लांसह राहत असे.

कडू सकाळी पाणकोंबडीच्या पायांना झिणझिण्या येत आणि ती ओरडे. ती ओरडली की वर खंड्या दचकून उडे. म्हातारा बगळा झाडाच्या शेंड्यावरून रोज नोंद ठेवी. शेंड्यावरून निळे पंख दिसत, लव्हाळ्यातली करडी पाठ दिसत नसे. आठ कडू सकाळींपैकी आठही सकाळी खंड्या उडालेला. काठ त्याचं कौतुक करी.

"तुला कळतं तरी कसं रे?" बगळा विचारी.

"काय की! छातीत एकदम धडधडतं आणि मी उडतो, बगळोबा," खंड्या म्हणे, आणि ते खरंच होतं.

तो खोटं बोलत नाही, हेच पाणकोंबडीला सहन होत नसे. त्याच्या प्रत्येक उड्डाणाबरोबर तिच्या पोटात निखारा पडे.

अशात दूरच्या सरोवरांवर शिकून टिटवी परत आली. तिच्या डोळ्यांत चमक होती आणि पिल्लं वाचवायची घाई. तिने बगळ्याची नोंद पाहिली आणि म्हणाली, "इथे हजारो पक्षी आहेत. एवढ्यांत एखादा कावळासुद्धा नुसत्या योगायोगाने चार कडू सकाळी उडालेला सापडेल. त्याला धरून बसायचं नाही. आणि जे नेहमी एकत्र असतात, त्यांच्यातला एकच उचलून मोकळं व्हायचं नाही. विश्वास वाटून द्यायचा."

तिने वीस बिया आणल्या. तेरा खंड्यासमोर ठेवल्या, सात पाणकोंबडीसमोर. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासमोर काही ठेवलं होतं. तिने मात्र त्या तेराकडेच पाहिलं.

"आता दोघांना वेगळं करून बघू. एक अख्खा हंगाम," टिटवी म्हणाली.

"हंगाम?" बदकीण उसळली. "तोवर माझी किती उरतील, बाई? एका कडू सकाळीत काय ते बघा."

टिटवीने मान खाली घातली आणि कबूल केलं. पाणकोंबडीला बेटाआड पाठवण्यात आलं. त्या राज्यात जे दिसत नाही ते दूर समजत. मधे बेट आलं, म्हणजे वेगळं झालं. बेट अवघं वीस पावलं रुंद होतं, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

चौथ्या सकाळी पाणकोंबडीचे पाय झिणझिणले.

तिने चोच उघडली आणि मिटली. आता गप्प बसलं की झालं. खंड्या ढिम्म हलणार नाही, दुपारी शेवाळ पिवळं पडेल आणि वीसच्या वीस बिया तिच्या होतील. बेटावरच्या लव्हाळ्याच्या फटीतून तिला खंड्या दिसत होता, फांदीवर ऊन खात बसलेला. बसू दे. बघू दे सगळ्यांना. मग बदकिणीचं सर्वांत धाकटं पिल्लू पाण्याशी आलं. त्याने मान वाकवली.

ती ओरडली.

खंड्या फांदीवरून उडाला. पिल्लं मागे हटली. दुपारी शेवाळ पिवळं पडलं आणि टिटवीने पाणकोंबडीच्या सात बिया उचलून खंड्यासमोर नेल्या.

"अगं, मी ओरडले म्हणून तो उडाला!"

"जळून कोळसा झालीस की!" बदकीण म्हणाली. काठ हसला.

"तू तर दिसतही नव्हतीस. मधे अख्खं बेट होतं," टिटवी मऊपणे म्हणाली.

"दिसत नव्हते, पण ऐकू तर येत होते ना?"

"ते फक्त तूच म्हणतेस, मावशी. आणि तुला काय हवंय ते सगळ्यांना माहीत आहे."

तेही खरंच होतं.

खंड्याला वाजतगाजत खडकावर नेऊन बसवलं. टिटवी स्वतः त्याला मासे पोचवू लागली. पिल्लांना वर बघायला शिकवलं. पहाट झाली की ती काठाने रांगेत उभी राहत, माना उंचावून, आणि निळा ठिपका जागेवर असला की पाणी पीत.

पंधरा दिवसांनी पाणकोंबडीचे पाय पुन्हा झिणझिणले. ती ओरडली. वर खडकापाशी धबधब्याची गाज तिचा आवाज गिळून टाकत होती. रांगेतल्या एकाही पिल्लाने वळून पाहिलं नाही. तिची स्वतःची तिघं रांगेच्या पार पलीकडच्या टोकाला होती. ती लव्हाळ्यातून पंख फडफडवत उघड्यावर धावत आली, खडकाकडे तोंड केलं, आणि ज्याचं उडणं तिने जन्मभर डोळ्यांत खुपवून घेतलं होतं त्याला गळा फाटेस्तोवर विनवू लागली, "ऊड रे! खंड्या, बाबा, ऊड!"

वर, कोवळ्या उन्हात, खंड्या एकेक निळं पीस चोचीने नीट करत बसला होता. खाली चाळीस माना एकदम पाण्याकडे वाकल्या.