अंबुळीचं माहेरपण

फार वर्षांपूर्वी खानदेशात, बोरवण गावी, धुरपता नावाची सून नांदत होती. गावची बोरवाई नदी पावसाळा सरला की आटायची. खिंडीपलीकडची अंबुळी मात्र बारमाही वाहायची. अंबुळीच्या काठी, खालच्या अंगाला, धुरपताचं माहेर. तिथे नदीच्या वाळूत कलिंगडांच्या वाड्या डवरायच्या.

असं म्हणतात, की धुरपताने एकदा पदर खोचला, कुदळ उचलली आणि खिंड फोडायला घेतली. पहिल्या घावाला डोंगर शहारला, दुसऱ्याला बाजूला सरकला. खिंड पाहिलेला माणूस डोंगरापेक्षा साऱ्या गावाच्या हातांवर अधिक विश्वास ठेवील. पण सांगणारे डोंगरच सरकवतात. पाट झाला, अंबुळी बोरवाईला मिळाली. गावाने नदीचं ग्रामदैवत भैरोबाशी रीतसर लग्न लावलं. विहिरी तुडुंब झाल्या, उन्हाळी भुईमूग डोलू लागला आणि सासूने सुनेला प्रथमच स्वतःआधी जेवायला वाढलं.

पुढल्या होळीची राख निवली आणि धुरपताचा भाऊ सुपडू तिला माहेरी न्यायला, मुराळी म्हणून आला. एरवी तो खांद्यावर कलिंगड घेऊन यायचा. या खेपेला त्याने तिच्या ओटीत मुठीएवढं सुरकुतलेलं फळ टाकलं.

"हे काय रे, लिंबू आणलंस?"

"तुझ्या पाटाची कृपा, ताई. नदीत नुसती वाळू राहिलीय. आई झिऱ्यापाशी वाटी घेऊन बसते."

धुरपताने तीच कुदळ उचलली आणि पाटाचं मुख बुजवायला घेतलं. गाव धावून आलं.

"घरात आलेली सून परत धाडतेस?" पाटील कडाडले.

"लग्न तुम्हीच लावलंत ना, पाटीलबाबा? मग माहेरपण कोण देणार? हिचा मुराळी बघा, दारात उभाय. पावसाला धाडील परत."

"आणि आमचा भुईमूग?"

"तो सोडावा लागेल. प्यायला विहिरी पुरतील. नाही पुरल्या, तर मी घागरी वाहीन."

पाटील आणखी बोलणार, तोच धुरपताची सासू खुदकन हसली. "इतकी वर्षं मी हिच्यापुढे हरतेय, पाटील. तुम्ही कोण लागून गेलात?"

असं म्हणतात, की शेवटचं ढेकूळ पडताच पाण्यात जोडवी वाजली. अंबुळी वळली आणि सुपडूच्या आधी घरी पोचली. उरलेल्या वेलांना अशी कलिंगडं धरली, की एकाला एक बैलगाडी लागली. बोरवणचा भुईमूग त्या साली करपला, हेही सांगतात. फक्त जरा हळू आवाजात.

अजूनही होळीनंतर खालच्या गावाचा मुराळी बोरवणला येतो. गावातल्या सासवा पाटाचं मुख बुजवतात, वर कलिंगडाची पहिली फोड ठेवतात. तिला धुरपताची फोड म्हणतात. पावसात अंबुळीचा पूर ओसरला, की खणानारळाने तिला पुन्हा सासरी आणतात. आणि आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, एखादी सासू सुनेला माहेरी धाडायला कुरकुरलीच, तर मुराळी ओट्यावर बसून एवढंच म्हणतो, "आजी, नदी केव्हाच गेली."

मग आजी मुकाट्याने शिदोरी बांधायला उठते.