अंतोबा महाराजांनी मागून घेतलेली झोप

वऱ्हाडात पूर्णेच्या काठी बोरखेडी नावाचं लहानसं गाव. गावाबाहेरच्या चिंचेखाली अंतोबा महाराज अंबाडीचे दोर वळत बसत. दारू सोडू पाहणारे, गांजानं पोखरलेले, कुणीकुणी तिथं येत. महाराज कुणाला शपथ घालत नसत. "आज माझ्याजवळ बस, दोर वळ," एवढंच म्हणत. असाच दोर वळता वळता गावातल्या सारजा मजुरणीचा नवरा दारूतून बाहेर आला होता.

त्या काळी कापूस वेचायला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकरांना अफूची गोळी चाटवत. लेकरू दिवसभर झोळीत निपचित पडे आणि वेचणी बिनघोर होई. सारजा मात्र आपल्या तान्ह्या मैनेला गोळी देत नसे. महाराजांनी तिला बजावलं होतं, "तीही नशाच आहे, बाई. लेकराला बोलता येत नाही, एवढाच फरक."

शेत अन्नपूर्णाबाई देशमुखांचं. मैना रडली की त्या बांधावरून ओरडत, "काय व सारजे, पोट्टी हाय का डफडं? सारं वावर डोक्यावर घेतलं तिनं!"

"बाई, त्या गोळीचं मले भेव वाटते. महाराज म्हनतात..."

"महाराज! दारुड्यायच्या संगतीनं त्याईले जिकडंतिकडं नशाच दिसते. अवं, हे औषध होय. गुडघ्यासाठी दहा वर्सं झाले, मीबी घेतो. माह्या भालूकडं पाहा, कसा राजावानी निजला!"

बाया खदखदून हसत. सारजा मान खाली घालून वेचत राही.

भालू बाईंचा एकुलता नातू. सून बाळंतपणातच गेलेली. सात महिन्यांचं ते पोर अलीकडे एका गोळीला जुमानत नव्हतं, म्हणून त्या दिवशी बाईंनी दोन चाटवल्या.

दुपारी सारजा मैनेला पाजायला बाभळीखाली आली. शेजारच्या झोळीत ती सहज डोकावली. भालूचे ओठ जांभळे पडले होते! तिनं नाकाशी बोट धरलं. एक श्वास आला. मग काही नाही. कितीतरी वेळ काहीच नाही. मग पुन्हा एक.

"बाई! धावा व! लेकरू श्वास घेत नाही!"

बाईंनी उचललं तर मान लुळी पडली. हलवलं, पाणी मारलं. व्यर्थ! सारजानं भालूला ओढून घेतलं, मैनेला काखोटीला मारलं आणि ती चिंचेकडे धावत सुटली. मागे अनवाणी देशमुखीण.

महाराजांनी हातातला दोर खाली ठेवला. "किती दिल्या?"

"दो... दोन," बाई पुटपुटल्या.

महाराजांनी भालूला मांडीवर घेतलं आणि मैनेला त्याच्या कानाशी निजवलं. ती भेदरून किंचाळत होती. सारजा तिला उगी करू लागली, तसे महाराज म्हणाले, "रडू दे तिला. तिनंच हाक मारावी." मग भालूच्या कपाळावर तळवा टेकून म्हणाले, "बाळा, तुझी झोप मला दे."

आणि काय सांगावं! भालूची छाती हलली. ओठांवर लाली आली. त्यानं डोळे उघडले आणि मैनेहून मोठा टाहो फोडला. पण त्याच क्षणी महाराजांची मान छातीवर कलली. आता त्यांचे ओठ जांभळे!

ती सारी रात्र महाराज तसेच होते. भालू थरथरत होता, दूध टाकत होता, एकसारखा रडत होता. कुणीसं म्हणालं, "थोडीशी चाटवा, निजंल." बाईंचा हात सवयीनं कमरेला खोचलेल्या अफूच्या डबीकडे गेला. समोर महाराजांचे ते ओठ! हात तिथंच राहिला. बाई आणि सारजा, दोघींनी आळीपाळीनं पोराला छातीशी धरलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलता कलता महाराजांनी डोळे उघडले.

"भालू रडतोय का?"

"रडते, महाराज. लय रडते," सारजा म्हणाली.

"मग बरा होतोय तो."

बाईंनी डबी त्यांच्या पायाशी ठेवली. कालपासून गोळी न घेतल्यानं बाईंचेही हात आता थरथरत होते. महाराज म्हणाले, "माई, दहा वर्षांची सवय आहे. एका फटक्यात टाकाल, तर वेदनेला भिऊन पुन्हा उचलाल. रोज थोडी थोडी कमी करा, आणि इथं येऊन दोर वळा. डबी मात्र सारजाकडे राहील. गोळी मागायची ती तिच्याकडे."

देशमुखांच्या बाईनं मजुरणीपुढे रोज हात पसरायचा! बाईंनी डबी उचलली, सारजाच्या ओंजळीत ठेवली आणि त्या वाकल्या.

"बाई, हे काय करता!" सारजा मागे सरली.

तिच्या कडेवरची मैना भोकाड पसरून रडत होती. अन्नपूर्णाबाईंनी तिच्या इवल्याशा पायांवर कपाळ टेकलं. ती गप्प झाली, तरी त्यांनी ते उचललं नाही.