तांब्याचा हात

समुद्राला खेटून असलेल्या एका राज्यात कुमुदवती नावाची राणी होती. तिची एकुलती लेक इंदुलेखा डोंगरावरच्या राज्यात गेली, ती गेलीच. ती एकटीच का? राज्यातली सगळी तरणी माणसं वर गेली आणि घरची वाट विसरली.

कसं झालं, तर ऐका. समुद्र, मैदान आणि डोंगर या तीन राज्यांनी एकच नाणं चालवलं. टांकसाळ डोंगरावर. तिन्ही राज्यकर्त्यांनी मिळून हातोडा धरावा, तेव्हाच नाणं पडावं, असा करार. पण चढण अवघड, आणि आमच्या राणीसाहेबांना कंटाळा! त्यांनी आपल्या हातासारखा हात तांब्यात ओतवून वर पाठवला. "माझ्या वतीने हाच लावा," म्हणाल्या. झालं! टांकसाळीत एक जादूगार होता. त्याने शाप दिला, "जिचा हात परका, तिची लेकरं परकी." मग नाणी किती पाडायची, हे डोंगरचा राजाच ठरवू लागला. समुद्राकाठी नाणं दिसेना, बाजार ओस पडले, पोरं नाण्यामागे गेली.

राणी रोज लेकीचं ताट वाढी आणि ते तसंच उचललं गेलं की रडे. लेकीवाचून तिला घास गोड लागेना.

एका सकाळी खिडकीत धनेश पक्षी येऊन बसला.

"राणी, लेक हवी?"

"हवी. जीव गेला तरी हवी."

"मग वर जा. तांब्याचा हात काढ, स्वतःचा लाव. वाटेत तिघे अडवतील. मागतील ते दे."

राणी निघाली. नदीने मुकुट मागितला, तिने दिला. रानाने केसांचा काळा रंग मागितला, तोही दिला. शेवटी धुकं म्हणालं, "तुझ्या आठवणीतला लेकीचा चेहरा दे. परत मिळणार नाही."

राणी कळवळून म्हणाली, "अरे, त्यासाठीच तर चालले आहे!"

धुकं हलेना. तिने डोळे मिटले, तो चेहरा डोळे भरून पाहिला, आणि देऊन टाकला.

टांकसाळीत डोंगरचा राजा म्हणाला, "आपण कशाला आलात? नाणी वाढली, तर त्यांचा मान घटेल."

"महाराज, नाणं तिघांचं. मग मान एकट्या तुमचा कसा?"

मैदानचा राजा इतकी वर्षं मान डोलवत बसलेला. तो पहिल्यांदाच बोलला, "बाई खरं बोलतात."

राणीने तांब्याचा हात उपटून फेकला. हातोडा निखाऱ्यासारखा तापलेला. तिने तो धरला. कातडी भाजली, तरी सोडला नाही. तिघांनी मिळून घाव घातला. जादूगाराचा धूर झाला, आणि तो धुराड्यातून निघून गेला.

डोंगरभर माणसं थबकली. कुणाला आपलं गाव आठवलं, कुणाला आई. जो तो उताराला लागला. त्या दिवसापासून टांकसाळ वर्षागणिक तिन्ही राज्यांत फिरू लागली.

गर्दीतून एक तरुणी धावत आली. राणीने तिच्याकडे पाहिलं. ओळख पटेना.

"आई, केस किती पिकले गं तुझे! आणि हात बघू. केवढा भाजलाय!"

राणीने भाजल्या हाताने तिची हनुवटी उचलली.

"थांब बाळ," ती म्हणाली, "हलू नकोस. मला तुला नीट पाहू दे."